कोहेद यन्ने?

मराठी प्रवासवर्णनाने आगबोट पाहिली, विमान पाहिले आणि अलीकडच्या काळात सहल-कंपनीची वातानुकूलित बसही पुष्कळ पाहिली. सायकल मात्र त्याच्या वाट्याला फारशी आलेली दिसत नाही. 'अपूर्वाई' किंवा 'पूर्वरंग' वर्गात शिकवताना ही गोष्ट आमच्या कधी ध्यानात आली नव्हती. ती ध्यानात आली विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' शिकवताना. त्या पुस्तकाची गती ही पायांची गती आहे. दोन गावांच्या मधोमध जे काही असते, म्हणजे विहिरी, धर्मशाळा, अफवा, वाटेत भेटणारी आणि उगाच चौकशा करणारी माणसे, ते सगळे त्या गतीलाच दिसते. पायी देश पालथा घालण्याची आमची आता ऐपत नाही (हा शब्द आम्ही गुडघ्यांच्या संदर्भात वापरीत आहोत). म्हणून सायकल.

२०२४ च्या फेब्रुवारीत आम्ही दोघांनी श्रीलंकेत नेगोम्बो ते जाफना असा सुमारे पावणेचारशे किलोमीटरचा प्रवास सायकलवरून नऊ दिवसांत केला. पट्टीच्या सायकलस्वाराला हे अंतर तीन दिवसांचे. आम्ही पट्टीचे नव्हेत. एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात मराठी शिकवणारे, पंचेचाळिशीच्या आसपासचे नवरा-बायको आहोत. आमच्यापैकी एकाचे बालपण नागपुरात, दीक्षाभूमीपासून चालत जाण्याच्या अंतरावर गेले, दुसरीचे बेळगावात. ही माहिती इथेच देऊन ठेवलेली बरी, कारण श्रीलंकेत आम्ही जे पाहिले ते बरेचसे या दोन गावांच्या खिडक्यांतून पाहिले.

रामायणातली लंका शोधायला आम्ही गेलो नव्हतो. ती शोधणाऱ्यांसाठी तिथे स्वतंत्र सहली निघतात, अशोकवनही दाखवले जाते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातले थोर पुरातत्त्ववेत्ते डॉ. ह. धी. सांकलिया यांनी तर रावणाची लंका समुद्रापार नव्हतीच, ती मध्य भारतात होती, असे मत हिरीरीने मांडले होते. ते मत कुणी फारसे मनावर घेतले नाही, हा भाग वेगळा. महाराष्ट्राच्या मातीत या बेटाची जुनी ओळख हवीच असेल तर ती अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात आहे: सिंहलावदानाचे ते प्रचंड चित्र, फुटलेले जहाज, किनाऱ्यावर स्वागताला उभ्या राहिलेल्या सुंदर राक्षसिणी आणि अखेरीस बेट जिंकणारा व्यापारी सिंहल. पराक्रमाची ही कथा अर्थातच जिंकणाऱ्याच्या बाजूने सांगितलेली आहे. ज्या बेटाच्या जन्मकथाही अशा, तिथे इतिहास हा विषय नाजूक असणारच.

नेगोम्बोत ज्याच्याकडून सायकली भाड्याने घेतल्या त्याने आम्हांला पहिला धडा दिला. आम्ही त्याला पर्यावरण, आरोग्य वगैरे सांगू लागलो तेव्हा तो हसला. सायकलीला सुगीचे दिवस आले ते २०२२ साली, म्हणाला. देशाची परकीय गंगाजळी आटली, एप्रिलमध्ये सरकारने कर्जफेड थांबवली, जूनअखेरीस तर खासगी वाहनांना इंधन देणेच बंद झाले. पेट्रोलच्या रांगांत माणसे रात्र-रात्र काढू लागली. कोलंबोतले बँक-अधिकारी टाय लावून सायकलवर दिसू लागले. लुमाला या तिथल्या घरगुती कंपनीच्या सायकली, ज्यांच्याकडे एरवी शाळकरी पोरेही नाक मुरडत, त्या तेव्हा मागूनही मिळेनात. जुलैमध्ये राष्ट्राध्यक्ष देश सोडून पळाले. पेट्रोल परत आले तशा सायकली पुन्हा कोपऱ्यात गेल्या. 'आमच्याकडे सायकल हा छंद नाही, हवामान आहे,' असे काहीसे तो इंग्रजीत म्हणाला. वाईट दिवस आले की लोक सायकलवर येतात.

नेगोम्बो ते पुत्तलम हा रस्ता नारळीच्या बागांतून जातो. उत्तम डांबरी, सपाट, वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून. भीती फक्त तांबड्या बसची. तिचा भोंगा मागून वाजला की पुस्तकी शौर्य गळून पडते आणि माणूस निमूटपणे कडेच्या रेतीत उतरतो. तीनचाकी रिक्षा मात्र जवळच्या वाटतात, कारण त्यांतल्या बहुतेक बजाजच्या! पहाटे साडेपाचला निघायचे, दहापर्यंत जमेल तेवढे कापायचे, मग एखाद्या 'कडे'च्या सावलीत पिवळ्याधमक शहाळ्याला तोंड लावायचे. कडे म्हणजे टपरी. हा शब्द सिंहलींनी तमिळ 'कडै'वरून घेतला आहे. दोन्ही बाजूंनी एकमेकांना मारून झाले तरी चहाच्या दुकानाचे नाव कुणी बदलले नाही.

वाटेत जो भेटेल तो विचारी, 'कोहेद यन्ने?' कुठे निघालात? आपल्याकडे निघताना 'कुठे' विचारू नये असा संकेत आहे. तिथे तो प्रश्न म्हणजे निव्वळ नमस्कार. त्यावर सिंहलीत एक म्हणच आहे. 'कोहेद यन्ने?' – 'मल्ले पोल्.' कुठे निघालास? तर, पिशवीत नारळ. प्रश्न एक, उत्तर भलतेच, असे घडले की ही म्हण वापरतात. ती आम्हांला एका शाळामास्तरांनी शिकवली, आणि पुढे आम्ही 'याप्पनय' असे जाफन्याचे सिंहली नाव सांगितले की समोरच्या चेहऱ्यावर क्षणभर जे उमटे ते पाहून वाटे, आपण चुकून पिशवीतल्या नारळांचेच उत्तर दिले. एवढ्या लांब? आणि तिकडे कशाला?

भाषेच्या शिक्षकांना परदेशातही वर्गाबाहेर पडता येत नाही. पहिल्या दोन दिवसांत आमची वही सिंहली शब्दांनी भरली. अत म्हणजे हात, कन म्हणजे कान, दत म्हणजे दात, दवस म्हणजे दिवस. मामा हा मामाच. एक, देक, तुन, हतर, पह. मधे हजारेक किलोमीटर द्रविड भाषांचा मुलूख आणि वर समुद्र, आणि पलीकडे आपलीच चुलत बहीण बसलेली! या भाषेचे मूळ भारताच्या पश्चिम किनाऱ्याकडे शोधावे की पूर्वेकडे, याबद्दल अभ्यासकांत वाद आहे. सिंहलीचे व्याकरण लिहिणारे जर्मन पंडित विल्हेल्म गायगर यांचा कल पश्चिमेकडे होता. आम्हांलाही अर्थातच तो पटला. पटण्याचे कारण शास्त्रीय नव्हते, हे कबूल केले पाहिजे. सायकलला सिंहलीत पापॅदिय म्हणतात, त्यातला 'पा' म्हणजे पाय. आणि जाफन्याकडे शिष्ट तमिळमध्ये तिला म्हणतात तुविच्चक्कर वंडि, म्हणजे चक्क द्विचक्र! आपली दुचाकी. ज्यांची भाषा संस्कृतपासून दूरची, त्यांनी संस्कृत शब्द ठेवला आणि संस्कृतच्या नातवंडांनी नवा घडवला. भाषा ही अशी कुणाच्या घोषणांना जुमानत नाही.

पण ज्याची फार मजा वाटत होती त्याचीच पुढे धास्ती वाटू लागली. ती कशी, ते सांगतो.

पुत्तलमच्या अलीकडे मिठागरे सुरू होतात. तिथे आमच्या एका सायकलचे मागचे चाक बसले. गावात एका सायकलदुरुस्तीच्या दुकानात नेले. दुकानदार आमच्याच वयाचा. काही वर्षे रियाधला काढलेली, त्यामुळे त्याला मोडके हिंदी येत होते. त्यावर आमचे संभाषण चालले. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधता शोधता त्याने विचारले, कुठे निघालात? जाफन्याला, म्हटल्यावर त्याचा हात थांबला नाही. ट्यूब घासता घासताच तो म्हणाला, मी तिथलाच. चौदा वर्षांचा होतो तेव्हा निघालो, सायकल राहिली.

१९९० च्या ऑक्टोबरअखेरीस लिट्टेने उत्तर प्रांतातल्या मुसलमानांना घरे सोडून जाण्याचा हुकूम दिला. जाफना शहरात त्यासाठी मुदत मिळाली ती दोन तासांची. सोने-नाणे, कागदपत्रे वाटेत काढून घेण्यात आली. सगळ्या प्रांतातून मिळून ७०-७५ हजार माणसे अशी बाहेर पडली आणि त्यांतली बहुतेक या पुत्तलमच्या आसपास येऊन झावळ्यांच्या खोपटांत राहिली. काहींनी पुढे पक्की घरे बांधली, काही परत गेली, पुष्कळशी गेली नाहीत. या माणसांची मातृभाषा तमिळ. ती घरात तमिळ बोलत, तमिळ शाळांत शिकत, तमिळमध्ये कविता करीत. तमिळ भाषकांच्या हक्कांसाठी उभ्या राहिलेल्या लढ्याने त्यांना तमिळ मुलखातून हाकलले.

त्याने आमच्याकडून पंक्चरचे पैसे घेतले. भाई-बहन म्हणत असतानाही घेतले, हे आम्हांला आवडले. फक्त एक काम सांगितले. सोनक तेरु म्हणून रस्ता आहे, इंग्रजीत मूर स्ट्रीट. तिथल्या एका गल्लीची खूण दिली. घर असेल-नसेल. आवारात विहीर होती, सायकल तिच्या कठड्याला टेकवून ठेवली होती. विहीर आहे का, एवढे बघा आणि फोटो पाठवा. तुम्ही स्वतः का जात नाही, हे आम्ही विचारले नाही.

पुत्तलम ते अनुराधपुर हा टप्पा विलपत्तूच्या जंगलाच्या कडेने जातो. ईशान्येचा वारा समोरून येत होता आणि चढ नसताना चढ चढल्याचे श्रम होत होते. त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

अनुराधपुरात पोचलो तेव्हा आमच्यापैकी नागपूरकराच्या मनाची अवस्था माहेरी आल्यासारखी होती. दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्ष हा इथल्याच श्रीमहाबोधीच्या रोपापासून वाढलेला. भदंत आनंद कौसल्यायन यांनी ती रोपे आणली. अनुराधपुरचा वृक्ष हा संघमित्रेने बुद्धगयेहून आणलेल्या फांदीचा, असे परंपरा सांगते. म्हणजे गया ते अनुराधपुर आणि अनुराधपुर ते नागपूर, असा या पिंपळाचा प्रवास. बाबासाहेबही १९५० साली श्रीलंकेला आले होते, जागतिक बौद्ध परिषदेसाठी. धर्मांतराचा निर्णय पिकत होता तो हा काळ. पांढऱ्या वस्त्रांतली कुटुंबे कमळे घेऊन उभी होती. आम्हीही कमळे घेतली.

पण त्याच आवारात एक बोचरी गोष्ट आहे. आमच्याकडे बुद्ध म्हणजे नकार: जातीला, पुरोहिताला, हजार वर्षांच्या अपमानाला. इथे बुद्ध हा राज्याचा आहे, बहुसंख्याकांचा आहे, सैन्याच्या चौकीवरही त्याची मूर्ती आहे. जो शब्द आमच्या बापजाद्यांनी मान ताठ करण्यासाठी उच्चारला तोच दुसऱ्याची मान वाकवण्यासाठी वापरला जाऊ शकतो, हे पुस्तकात वाचणे निराळे आणि हातात कमळ धरून समजणे निराळे. ज्या पंतप्रधानांनी सिंहली-बौद्ध अस्मितेच्या लाटेवर निवडणूक जिंकली त्या बंडारनायकांना १९५९ मध्ये गोळी घातली ती एका भिक्षूनेच. आणि १४ मे १९८५ रोजी लिट्टेच्या बंदूकधाऱ्यांनी याच शहरात, याच बोधिवृक्षाच्या परिसरातही, निरपराध यात्रेकरूंवर गोळ्या झाडल्या. त्या दिवशी एकूण १४६ माणसे मेली. नागपूरकराने कमळ ठेवले, नमस्कार केला, आणि त्या संध्याकाळी तो फारसे बोलला नाही.

मेदवच्चियापासून पुढे 'ए-नऊ' हा कँडी-जाफना महामार्ग लागतो. वावुनियापर्यंत प्रश्न 'कोहेद यन्ने' असा येत होता. तिथून तो 'एंगे पोरींग?' असा येऊ लागला. पाट्यांवरच्या अक्षरांचा क्रम मात्र बदलला नाही: वर सिंहली, मग तमिळ, मग इंग्रजी. हाक मारताना आता आमच्यापैकी एक अण्णा झाला. दुसरी सिंहली मुलखातही अक्का होती आणि इथेही अक्काच राहिली. बेळगावातही ती अक्काच होती, मराठी शेजाऱ्यांची आणि कानडी शेजाऱ्यांचीही. तिला या शब्दाचे अप्रूप वाटत राहिले.

बेळगावची ही खिडकी आता उघडावी लागते. जिच्या शाळेच्या वाटेवरच्या पाट्यांना रात्री कुणीतरी डांबर फासलेले असे, एकदा या भाषेतल्या तर एकदा त्या, तिला श्रीलंकेचा १९५६ नंतरचा इतिहास परका वाटणे शक्य नव्हते. त्या वर्षी कायद्याने सिंहली ही एकमेव राजभाषा झाली. चोवीस तासांत सिंहली आणू, असे वचन निवडणुकीत दिलेले होते. मार्क्सवादी पुढारी कॉल्विन डिसिल्व्हा यांनी तेव्हाच बजावले होते की दोन भाषा ठेवाल तर राष्ट्र एक राहील, एक भाषा कराल तर राष्ट्रे दोन होतील. कुणी ऐकले नाही. मग वाहनांच्या पाट्यांवर सिंहली 'श्री' आले. उत्तरेत त्या 'श्री'ला डांबर लागले, दक्षिणेत तमिळ पाट्यांना लागले, आणि १९५८ मध्ये माणसे मारली गेली. तमिळला राजभाषेचे स्थान मिळाले ते १९८७ साली. तोवर यादवीला चार वर्षे झाली होती. डांबराच्या डब्यापासून बंदुकीपर्यंतचे अंतर किती, हे विचारणाऱ्यास या बेटावर वर्षांत मोजून सांगता येते. आमचे सुदैव की बेळगावात ते अंतर कापले गेले नाही. त्याचे श्रेय कुणाला द्यावे याचा आम्ही त्या सरळसोट रस्त्यावर पुष्कळ विचार केला.

मुरिकंडीला रस्त्यालगत गणपतीचे छोटे देऊळ आहे. येणारे-जाणारे प्रत्येक वाहन तिथे थांबते, सिंहली ट्रकचालकही नारळ फोडतात, मग भुईमुगाच्या शेंगा घेऊन पुढे जातात. आम्हीही शेंगा खाल्ल्या. पुढे किलिनोच्ची, एकेकाळची लिट्टेची राजधानी. आता बँका, मोबाइलची दुकाने. युद्धात पाडलेली पाण्याची अवाढव्य टाकी तिथे स्मारक म्हणून आडवी ठेवलेली आहे. एलिफंट पासला दोन्ही बाजूंना खारे पाणी, मधून रस्ता. तिथे १९९१ साली एका सैनिकाने ग्रेनेड घेऊन ज्यावर उडी घेतली तो चिलखती बुलडोझर चौथऱ्यावर मांडलेला आहे. विजेत्यांची स्मारके रस्त्यावरून दिसतात. हरलेल्यांच्या दफनभूमी लष्कराने सपाट केल्या, त्या सायकलवरूनही दिसत नाहीत. पूर्वेकडे मुल्लैतीवूच्या किनाऱ्यावर २००९ च्या मे महिन्यात सगळे संपले. अखेरच्या महिन्यांत मेलेल्या नागरिकांचा आकडा ४० हजारांपर्यंत असू शकतो, असे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ-मंडळाने २०११ मध्ये म्हटले होते. शेंडे नसलेले ताड काही ठिकाणी अजून उभे होते.

या दिवसांत आम्ही सर्वनामांवर बोलत होतो. हसू नये, मास्तरांची जोडपी अशाच गोष्टींवर बोलतात. मराठीत ऐकणाऱ्याला वगळणारे 'आम्ही' आहे आणि त्याला सामावून घेणारे 'आपण' आहे. तमिळमध्येही नेमका हाच भेद: 'नांगळ' आणि 'नाम'. सिंहलीत मात्र एकच शब्द, 'अपि'. मराठीला ही देणगी द्रविड शेजाऱ्यांकडून मिळाली, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. यावरून एक सुंदर सिद्धान्त रचण्याचा आम्हांला मोह झाला: ज्यांच्या भाषेत 'आपण' नाही त्यांनी इतरांना बाहेर ठेवले, वगैरे. पण तो सिद्धान्त पुत्तलमच्या दुकानातच पंक्चर झालेला होता. ज्यांच्या तोंडी 'नाम' होते त्यांनीच 'नाम' म्हणणाऱ्या शेजाऱ्यांना दोन तास दिले. आणि 'आपण' असलेली आपली भाषा बोलणारे आपण काय करतो, हे सांगायला परदेशी जाण्याची जरुरी नाही.

जाफन्यात सायकल पाहुणी वाटत नाही. १९९० नंतरच्या नाकेबंदीत तिथे पेट्रोल येत नसे. जुन्या ऑस्टिन गाड्या रॉकेलवर चालवत आणि बाकी सगळा संसार, गॅसचे नळकांडे काय नि आजारी माणूस काय, सायकलच्या कॅरियरवरून जाई. आजही साडीतल्या शिक्षिका सायकलवरून ताठ बसून शाळेला जाताना दिसतात. आमच्या हेल्मेटांकडे पाहून त्यांतली एक दिलखुलास हसली.

सार्वजनिक वाचनालयाची पांढरीशुभ्र इमारत दुरूनच दिसते, दारात सरस्वती. ३१ मे १९८१ च्या रात्री ते जाळले गेले. सुमारे ९७ हजार ग्रंथ आणि त्यांत ताडपत्रे, हस्तलिखिते. जाळणाऱ्या जमावात पोलीसही होते. २००३ मध्ये ते पुन्हा उघडले. आम्ही आत गेलो, चपला काढून. पोरे अभ्यासाला बसली होती, पंखे फिरत होते, मासिकांच्या विभागात दोन वृद्ध एकाच वर्तमानपत्राची पाने वाटून घेऊन वाचीत होते. जानेवारी २००४ मध्ये पुण्याच्या भांडारकर संस्थेत जमाव घुसला तेव्हा आम्ही नुकतेच एम. ए. झालो होतो. दुसऱ्या दिवशी गावातल्या एका परिचिताने आम्हांला विचारले होते की पोथ्या फाटल्या त्यात एवढे काय, छापून घेता येतील. तो माणूस वाईट नव्हता, आमच्याच भाषेवर त्याचे अतोनात प्रेम होते, 'गर्जा'पासून सुरू होणारी सगळी गीते त्याला पाठ होती. जाफन्याच्या त्या शांत दालनात आम्हांला गांधी, बाबासाहेब असे कुणी आठवले नाही. तो परिचित आठवला.

सोनक तेरु सापडायला वेळ लागला नाही. मशिदी रंगवलेल्या आहेत, शाळा भरते, काही घरांतून रेडिओ ऐकू येत होता. मधेमधे छप्पर नसलेल्या भिंती, आणि खिडकीतून बाहेर आलेली झाडे. खुणेच्या गल्लीत एक पडका ओटा आणि त्यामागे विहीर होती, चुनखडीच्या दगडाची. शेजारच्या घरातल्या बाईंनी 'अक्का, पाहा ना' म्हणून फाटक उघडून दिले. आम्ही चार फोटो काढून पुत्तलमला पाठवले.

संध्याकाळी त्याचा आवाजातला निरोप आला. ओटा दिसतो तो आमचा नव्हे, शेजाऱ्यांचा. आमचे घर त्याच्या डावीकडे होते, ते फोटोत कुठे दिसत नाही. विहीर मात्र तीच, दोन घरांत मिळून होती. मग थोडा वेळ थांबून त्याने विचारले होते, पाणी आहे का.

दुसऱ्या दिवशी सकाळी सायकली बसच्या टपावर चढवण्यापूर्वी आम्ही पुन्हा त्या गल्लीत गेलो. पाणी होते. दीडेक पुरुष खाली, स्वच्छ, वर बदामाची दोन-चार पाने तरंगत होती. बाईंनी पोहरा सोडला, भरून वर काढला आणि आमच्या बाटल्या भरून दिल्या.